बागकामाचं पहिलं पुस्तक: रंगीत पानं एकाच फॉर्म्यात घ्या

सोलापूरच्या उन्हात, काळ्या मातीत गच्चीवरची बाग कशी टिकवायची, हे तुम्ही लिहून काढलं असेल तर ते जरूर छापा. पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेला सल्ला इथल्या मे महिन्यात पुरत नाही.

आधी प्रकाशकाला विचारा. अनुक्रमणिका आणि एक पूर्ण प्रकरण पाठवलं तरी पुरतं. मात्र तो छपाईचे पैसे तुमच्याकडेच मागत असेल, तर ते पुस्तक तुमच्याच खर्चाने निघतंय. मग स्वतःच काढलेलं बरं, निदान हक्क आणि प्रती तुमच्याकडे राहतात.

स्वतः छापताना खर्च वाढतो तो फोटोंनी. पुस्तक साधारण सोळा पानांच्या फॉर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापलं जातं, म्हणून रंगीत फोटो पुस्तकभर विखरू नका. सगळे एका फॉर्म्यात आणा, बाकी मजकूर एकरंगी ठेवा, रोपांची रेखाचित्रं त्यातही छान उठतात. शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, हजारभर असतील तर ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून होणारी छपाई. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

डीटीपीवाल्याकडून, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्याकडून, मजकुराची युनिकोड प्रत (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी) आधीच मागून घ्या. किंडलवर मराठी ई-बुक काढायचं झालं तर जुन्या फॉन्टमधली फाइल चालत नाही, सगळं पुन्हा टाइप करावं लागू शकतं.

विक्रीसाठी रोपवाटिकांत प्रती ठेवा. जूनच्या तोंडावर, रोपं घ्यायला गर्दी होते तेव्हा.