विमानाने लेहला, पाठीवर तंबू: पंधरा किलोंचा हिशेब

सामानाची यादी मागाहून करा, आधी काटा आणा. हुकाला सामान लटकवून वजन दाखवणारा काटा कुठेही मिळतो. तो नसेल तर घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटं उभं राहायचं, मग सॅक पाठीवर घेऊन, आणि वजाबाकी करायची. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर साधारणपणे १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, एवढंच मिळतं. या बावीस किलोंत तंबू, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकघर आणि आठवड्याचं खाणं बसवायचं असतं. बसतं. आम्ही दोघं नवरा-बायको आणि भाची असे पुण्याहून दिल्लीमार्गे लेहला जातो, आणि पुढे मार्खा खोऱ्यात स्वतःचा तंबू घेऊन चालतो. सह्याद्रीत ट्रेकला जाताना कुणी वजन विचारत नाही, म्हणून ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर सांगते.

सामानाचे मी तीन ढीग करते. पहिला ढीग माझ्याच मापाच्या वस्तूंचा. बूट, स्लीपिंग बॅग, थर्मल आणि सॅक या चार गोष्टी घरच्याच हव्यात. लेहमध्ये चांगस्प्याला आणि फोर्ट रोडला तंबूपासून स्टोव्हपर्यंत सगळं भाड्याने मिळतं, पण दुसऱ्याच्या पायाला रुळलेले बूट घालून पाच हजार मीटर उंचीवर चढायला जाऊ नका. स्लीपिंग बॅगेचंही तेच: भाड्याच्या बॅगेतलं पीस किती दबलंय हे रात्री दोन वाजता कळून काही उपयोग नसतो. दुसरा ढीग तिथे मिळणाऱ्या वस्तूंचा: मोठी पातेली, मॅट, जमलं तर तंबूसुद्धा. तिसरा ढीग विमानात चढूच न देणाऱ्या वस्तूंचा, तो सोडून द्यायचा.

तंबू न्यावा की भाड्याने घ्यावा, यावर आमच्या घरात एकमत नाही. नवऱ्याचं म्हणणं, तीन किलो कशाला वाहायचे? माझं म्हणणं, लडाखचा दुपारनंतरचा वारा बघा आणि मग बोला. ज्या तंबूची प्रत्येक काठी मला अंधारात, हातमोजे घालून लावता येते तोच मला हवा. मात्र चार दिवसांचाच बेत असेल आणि पहिल्यांदाच जात असाल तर भाड्याचा घ्या, पण दुकानातच उघडून उभा करा. दुकानदार ‘जुले, जुले’ (लडाखी नमस्कार) म्हणत हसतील, हसू द्या. दोन्ही चेन दोन-दोनदा उघडून-मिटून बघा, काठ्यांचे सांधे मोजा, आतल्या कापडाला कोपऱ्यात वास येतोय का बघा.

स्वतःचा नेणार असाल तर पिशवीत गुंडाळून ठेवलेला तंबू तसाच सॅकमध्ये कोंबू नका. सुटा करा. काठ्या सॅकच्या पाठीकडच्या बाजूला उभ्या, पायजम्यात गुंडाळून. खुंट्या जुन्या मोज्यात घालून तळाला. कापड घडी न घालता नुसतं कोंबायचं, म्हणजे उरलेल्या फटी तेच भरून काढतं. काठ्या आणि खुंट्या चेक-इनमध्येच, ट्रेकिंगच्या काठ्याही तिथेच. हातातल्या बॅगेत सापडल्या तर सुरक्षा तपासणीत त्या तुमच्या राहणार नाहीत. खुंट्या निम्म्याच न्या. तिकडची जमीन इतकी दगडगोट्यांची असते की खुंटी चार बोटंही आत जात नाही. त्याऐवजी नायलॉनची दहा-बारा मीटर दोरी जास्तीची घ्या, तिचे तुकडे करून तंबू सरळ मोठ्या धोंड्यांना बांधायचा. दगड तिथे फुकट मिळतात आणि त्यांचं वजन विमान कंपनी मोजत नाही.

आता माझा हिशेब बघा. रिकामी सॅक २ किलो, तंबू २.६, स्लीपिंग बॅग दीड, मॅट अर्धा, बर्नर शंभर ग्रॅम, दोन भांडी आणि चमचे ६०० ग्रॅम, कपडे ३, खाणं ३, औषधं ४०० ग्रॅम, चालायच्या काठ्या अर्धा किलो. बेरीज १४.२. उरलेले ८०० ग्रॅम मी भरत नाही, कारण घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांचं कधी पटत नाही. तिघं असू तर तंबू एकाकडे, भांडी दुसऱ्याकडे, खाणं तिसऱ्याकडे अशी वाटणी होते आणि सगळ्यांना श्वास घ्यायला जागा मिळते. बऱ्याच स्वस्त तिकिटांवर हे १५ किलो एकाच नगात हवे असतात, म्हणून मॅट वेगळी बांधून दुसरा नग करू नका, सॅकलाच आवळा. वजन जास्त होणार हे घरीच दिसत असेल तर जादा किलो आदल्या दिवशीच ऑनलाइन घेऊन टाका. काउंटरवर तेच किलो महागात पडतात, आणि मागे रांग उभी असताना माणूस उगाच पैसे देऊन मोकळा होतो.

सॅकचे लोंबते पट्टे सरकत्या बेल्टमध्ये अडकतात. त्यासाठी दुकानात मोठाली कव्हरं मिळतात, पण माझ्या मते तांदळाचं रिकामं पोतं उत्तम. सॅक आत घालायची, तोंड सुतळीने बांधायचं, वर मोठ्या अक्षरांत नाव आणि फोन नंबर. शिवून टाकू नका. तपासणीत उघडायला सांगितलं तर दाभण शोधत बसावं लागेल. लेहला पोचल्यावर हेच पोतं तंबूच्या दारात पायपुसणं होतं.

हातातल्या सात किलोंमध्ये काय ठेवायचं, हे ‘सॅक आज आलीच नाही तर?’ असं विचारून ठरवायचं. पिसांचं जाकीट, एक थर्मल, कानटोपी, रोजच्या गोळ्या, डोक्याला बांधायची बॅटरी, कागदपत्रं. बूट पायातच. हो, पुण्याच्या उन्हाळ्यात ते विचित्र दिसतं, तपासणीच्या दारातून जाताना काढावेही लागतात, पण बुटांचा किलो-सव्वा किलो वाचतो, आणि सॅक एक दिवस उशिरा आली तरी बेत मोडत नाही. पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये अजिबात नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. हिशेब सोपा: पॉवर बँकेवरचा मिलीअँपिअर-तासांचा आकडा ३.७ने गुणून हजाराने भागा. २०,०००ची असेल तर ७४ येतात, म्हणजे निर्धास्त. पॉवर बँकेवरचा आकडा पुसला गेला असेल तर दुसरी घ्या, कारण आकडा न दिसणारी पॉवर बँक अडवतात.

गॅसचा डबा मात्र विमानात कुठेच चालत नाही, ना हातात, ना चेक-इनमध्ये, अर्धा वापरलेलाही नाही. लायटर आणि काडेपेटी आपल्याकडे दोन्हीकडे बंद. बर्नरचं नुसतं डोकं, धुऊन-पुसून, चेक-इनमध्ये जातं. रॉकेल किंवा पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह असेल तर विमान कंपनीला आधी विचारा. त्याची बाटली साबणाने धुऊन, झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवा. जरा जरी वास आला तरी ठेवून घेतात, आणि ते बरोबरच आहे.

लेहच्या बाजारात गॅस घेताना डब्याचं तोंड बघायचं. आपल्या मैदानी भागात सर्रास मिळतो तो उंच, बारीक डबा, दाबून बसवायचा. ट्रेकिंगच्या बर्नरला लागतो तो बुटका, आट्यांचा. बर्नर दुकानात घेऊनच जा आणि बसवून बघा. आत काय आहे तेही वाचा. नुसता ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो, त्याहून थंडीत त्याचा वायूच होत नाही. आयसोब्यूटेन उणे बाराच्या जवळपास आणि प्रोपेन उणे बेचाळीसला. म्हणून मिश्रणाचाच डबा घ्यायचा. मार्खाच्या वाटेवरचा निमालिंगचा तळ साधारण ४,८०० मीटरवर आहे, समोर कांग यात्से शिखराचं बर्फ, आणि सप्टेंबरात पहाटे पाण्याच्या बाटलीत बर्फाचा पापुद्रा धरतो. तिथे मी गॅसचा डबा रात्री मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपते, बर्नर अर्थातच काढून. सकाळी चहा दहा मिनिटांत होतो. बर्नरचं खटका दाबून पेटवायचं यंत्र उंचीवर दगा देतं, तेव्हा लेहमध्ये काडेपेट्या घ्या आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. डबा भरलेला आहे ना हे बघायला दुकानात तो कोऱ्या डब्याशेजारी हातात तोलून बघा. अर्धे वापरलेले डबे स्वस्तात विकायला ठेवलेले असतात, ते घ्यायला हरकत नाही, फक्त त्याच किमतीत घ्या.

खाण्याचा प्रश्न आपल्या मंडळींना जास्त छळतो. घरातून निघताना खोबऱ्याच्या वाट्या, खोबऱ्याची लसूण चटणी, खोबऱ्याचे लाडू असं सगळं भरायचा मोह होतो. सुकं खोबरं चेक-इन सामानात बंद आहे. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते ज्वलनशील मालात धरतात. किसलेलं, भाजलेलं, चटणीतलं चालेल का, हा वाद घालायला विमानतळ ही जागा नव्हे. मी शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी नेते. तिखटाची पूड आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनमध्ये दुहेरी पिशवीत.

वर पाणी लवकर उकळतं आणि अन्न उशिरा शिजतं. लेहला पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं, निमालिंगला ८४च्या जवळपास. तूरडाळ कुकरशिवाय शिजणार नाही, तांदूळ बाहेरून चिकट आणि आतून कच्चा राहतो. पातळ पोहे, घरी भाजून फोडणी दिलेला उपम्याचा रवा, मेतकूट, सातूचं पीठ, गूळ-दाणे, खारीक: हे न्या. गरम पाणी ओतून झाकून ठेवलं की झालं. मसूर भिजवून नेली तर शिजते, वेळ मात्र लागतो. आणि एवढं सगळं नेलंच पाहिजे असंही नाही. मार्खा खोऱ्यात स्किऊ, मार्खा, हांकर या गावांत घरगुती मुक्काम आणि जेवण मिळतं, वाटेत चहाचे तंबू लागतात. म्हणून माझं तीन किलोंचं खाणं मुख्यतः निमालिंग आणि ‘कोंगमारू ला’ ही खिंड ओलांडायच्या दिवसासाठी असतं. ती खिंड ५,२०० मीटरच्या आसपास आहे.

कुणी पाहुणे अमेरिकेहून थेट सामील होणार असतील तर त्यांना आधीच कळवा: उपग्रहावरून बोलणारे फोन आणि संदेश पाठवणारी यंत्रं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय चालत नाहीत. तिकडे ते सुरक्षेचं साधन म्हणून सहज विकतात, इकडे विमानतळावर त्यापायी पोलिसांशी गाठ पडू शकते. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. तिघांत एक तरी असू द्या.

दिल्लीत विमान बदलताना दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान तिथे उतरवून घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि टर्मिनल १ हे ३पासून गाडीने जाण्याएवढं लांब आहे. लेहची विमानं सकाळची असतात, तेव्हा मध्यरात्री पोतं ओढत फिरायची तयारी ठेवा किंवा एकाच तिकिटावर जा. मी एकाच तिकिटाचे थोडे जास्त पैसे देते.

लेहला उतरल्यावर सॅक तुम्ही उचलू नका. समुद्रसपाटीजवळून एका सकाळीत साडेतीन हजार मीटरवर आलेला असता, शरीराला ते अजून कळलेलं नसतं. टॅक्सीवाल्याला हात लावायला सांगा, खोली तळमजल्याची घ्या, आणि दोन दिवस बाजारापलीकडे जाऊ नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे पुण्यातच डॉक्टरांशी बोलून ठरवा. हे दोन दिवस वाया जात नाहीत: गॅस, काडेपेट्या, भाड्याच्या वस्तू, हेमिस राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क, सगळं याच वेळात होतं.

परतीला लेहमध्ये एक मोकळा दिवस ठेवाच. हवामान बिघडलं की विमानं रद्द होतात, आणि दुपारी तापलेल्या विरळ हवेत विमानाला पूर्ण भाराने उडणं अवघड जातं, म्हणून राहिलेली फेरी त्याच दिवशी होईलच असं नसतं. त्या मोकळ्या दिवशी तंबू गच्चीवर वाळवा. ओला तंबू किलोभर जास्त भरतो. उरलेला गॅस निघणाऱ्या मंडळींना देऊन टाका, रिकामे डबे डोंगरात न टाकता खाली आणून दुकानदाराला परत करा. जर्दाळू घेतले असतील तर खाण्याच्या रिकाम्या झालेल्या तीन किलोंत बसतात. जर्दाळूचं तेल चेक-इनमध्ये, पिशवीत गुंडाळून, बुटांपासून लांब.