केनियात सेवेसह सत्र: निघण्याआधी

किसुमूसारख्या शहरात विद्यापीठात शिकत गावात सेवेचं काम करायचं असेल, तर आधी क्रेडिटचा (श्रेयांकांचा) प्रश्न मिटवा. सेवेचे तास आपल्या विद्यापीठात किती क्रेडिट धरले जातील, हे लेखी घ्या. परतल्यावर विचारलं तर बरेचदा पदरी निराशाच येते.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या. लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना ६ दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात! किसुमू आहे त्या व्हिक्टोरिया सरोवराकाठी मलेरिया जास्त, म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. डॉक्सीसायक्लिन दिली, तर परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची. इथेच लोक चुकतात. पर्यटनाच्या परवान्यावर काम करू नका. योग्य परवाना यजमान विद्यापीठामार्फत मागा.

सामानात प्लास्टिकच्या कॅरीबॅग नकोत, २०१७ पासून तिथे बंदी आहे.

वेळेचा घोळ हमखास होतो. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचं ‘सा तातू’ म्हणजे तिसरा तास, आपले नऊ. बैठक ठरवताना घड्याळ दाखवून खात्री करा.

काम निवडताना संस्थेला विचारा: आम्ही गेल्यावर हे कोण चालवणार? उत्तर नसेल तर ते काम घेऊ नका. अनाथाश्रमात दोन-तीन आठवड्यांसाठी तर जाऊच नका; माणसं सतत येऊन सोडून जातात, त्याचा त्रास मुलांना होतो.