फुलोऱ्यातील ओलावा मोजताना: काढणीच्या हंगामासाठी सल्ला

काढणीनंतर काही दिवस वाळवलेला कॅनॅबिसचा (गांजाच्या झाडाचा) फुलोरा वरून कुरकुरीत लागतो, देठही कडकन मोडतो. पण जाड झुपक्याच्या गाभ्यात ओल शिल्लक असते. हाताच्या अंदाजावर माल बरण्यांत भरू नये. दोन दिवसांत तीच ओल बाहेर येते आणि बुरशीला वाव मिळतो.

नमुना एकाच पिशवीतून घेऊ नका. वरचा, मधला, तळाचा थर आणि शेंड्याचे व खालच्या फांद्यांचे झुपके, सगळ्यांतून घ्या. ओलसर वाटणारी पिशवी वेगळी तपासा. कोरड्या मालात मिसळली की सरासरी चांगली दिसते आणि ओली जागा लपते. नमुना काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत जवळपास तोंडापर्यंत भरा. फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर हवेतली वाफ नमुन्यावर धरते.

प्रयोगशाळेत देठ काढून नमुना थोडा थोडा, थांबत थांबत दळा. भांडे तापले की पाणी तिथेच उडते. कोरड्या, वजन केलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत २ ते ३ ग्रॅम पसरा आणि वजन स्थिर होईपर्यंत ओव्हनमध्ये (साधारणपणे १०५ अंश सेल्सिअसला) ठेवा. वाटी सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात) पूर्ण थंड करूनच तोला. गरम वाटी तराजूवर हलकी भरते आणि ओलावा उगाच जास्त दिसतो.

२.५०० ग्रॅमचे २.२१० ग्रॅम झाले, तर घट ०.२९० ग्रॅम, म्हणजे ओल्या वजनावर ११.६ टक्के. तीच घट कोरड्या वजनावर १३.१ टक्के भरते. अहवालात आधार कोणता ते लिहिलेच पाहिजे. इथेच सर्वाधिक वाद होतात.

१०५ अंशांवर टर्पीन, म्हणजे वास देणारी सुगंधी द्रव्येही उडतात आणि टीएचसी-आम्लातून (फुलोऱ्यातल्या नशेच्या घटकाच्या मूळ रूपातून) कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. तराजूला ही सगळी घट पाणीच वाटते. म्हणून वासाला तीव्र वाणांसाठी ४० अंशांवर निर्वात ओव्हन बरा. वेळ बराच जास्त लागतो, पण आकडा खऱ्याच्या अधिक जवळ येतो. फक्त पाणीच मोजायचे असेल तर कार्ल फिशर पद्धत (पाण्याशीच होणाऱ्या रासायनिक अभिक्रियेवरून पाणी मोजणे) वापरावी.

साठवणीचा निर्णय मात्र केवळ टक्केवारीवर घेऊ नये. जल-क्रियाशीलताही, म्हणजे बुरशीला वापरता येईल असे मोकळे पाणी किती हे दाखवणारा ० ते १ मधला आकडाही मोजा, ती ०.५५ ते ०.६५ मध्ये असावी. ०.६५ च्या वर गेली तर माल पुन्हा वाळवणीला न्या. ०.५५ च्या खाली फुलोरा चुरतो, वासही उतरतो. दोन्ही मोजण्या एकाच दिवशी, एकाच बाटलीतून करा.