लकव्याचा पेशंट आणि घरची बाज

नोकरीच्या पहिल्याच वर्षी साठीतले एक कास्तकार आमच्याकडे भरती झाले. उजवी बाजू गेलेली. दोन आठवड्यांत धरून उभे राहू लागले आणि घरी गेले. तीन आठवड्यांनी परत आले ते खांद्याच्या दुखण्याने, हातसुद्धा लावू देईनात. मुलगा रोज सकाळी त्यांना बाजेवरून उठवताना तोच लुळा हात धरून ओढत होता. लकव्यात खांदा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात, हात ओढला की सांधा खाली उतरतो. साडेचार वर्षांच्या बीपीटीएचमध्ये, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीत, हे मी शिकले होते. मुलाला मात्र दाखवलं नव्हतं.

विदर्भाच्या खेड्यांत कामाला येणाऱ्या नव्या फिजिओ, नर्स आणि डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. इथे हा आजार किती मोठा आहे ते आधी माहीत असू द्या. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने झालेले निघाले, साधारण दर सात मृत्यूंमागे एक.

सगळ्यात आधी वेळ विचारायला शिका. लकवा मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीने आला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. नातेवाईक सांगतात, ‘रात्री तर चांगलेच होते जी, सकाळी पाहतो तं हात उचलत नाई.’ तेवढ्यावर थांबू नका. रात्री लघवीला उठले होते का? कोणी पाहिलं? नीट चालले का? पहाटे चारला बाप स्वतः अंगणात जाऊन आला हे सुनेला आठवलं, तर घड्याळ तिथून सुरू होतं. गुठळी आहे की रक्तस्राव, हे नुसत्या तपासणीवरून ठरत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. म्हणून साखर तपासा (ती फार कमी झाली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं), 108 बोलवा आणि जिथे पाठवताय तिथे आधी फोन करा. गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडात पाणी, चहा, औषध काहीच घालू देऊ नका. घरचे मायेपोटी पाजतात आणि ते फुप्फुसात जातं.

फोनवर पेशंटची अवस्था सांगायला एनआयएचएसएस ही मोजपट्टी शिका. 11 मुद्दे, 0 ते 42 गुण, जितके जास्त तितका लकवा गंभीर. तिचं प्रशिक्षण ऑनलाइन आहे आणि फिजिओ-नर्सनाही ते करता येतं. पण पेशंटला बसवून, उभं करूनही पाहा. लहान मेंदूच्या झटक्यात गुण जवळपास शून्य येतात आणि माणूस मात्र तोल जाऊन पडतो.

शक्य असेल तर महिनाभर एखाद्या न्यूरो वॉर्डात काढा. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, जिथे परवानगी मिळेल तिथे. नर्सबरोबर रात्रपाळी करा. दर दोन तासांनी कूस कशी बदलतात, लुळ्या हाताखाली उशी कशी ठेवतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. व्यायामाची घाईही तिथेच आवरली. 2015 साली आलेल्या ‘अवर्ट’ चाचणीत पहिल्या 24 तासांत वारंवार उठवलेल्या पेशंटांचा निकाल उलट कमी चांगला निघाला होता. उठवायचं असतंच, पण सुरुवातीला थोडं थोडं.

घरच्यांना शिकवून सोडलं की काम झालं, असंही समजू नका. भारतातल्या 14 रुग्णालयांत झालेल्या ‘अटेंड’ चाचणीचा निकाल 2017 मध्ये आला. कुटुंबाने घरी दिलेल्या पुनर्वसनाने सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन कमी झालेलं दिसलं नाही. तो वाचून मी दोन दिवस बेचैन होते. माझं मत असं झालं, की घरच्यांना शिकवायलाच हवं, पण आपली जागा त्यांच्यावर सोपवून मोकळं होता येत नाही. बोलवत राहायचं, जमेल तेव्हा घरी जायचं. रोवणीच्या दिवसांत कोणी दवाखान्यात येत नाही, तेव्हा तर नक्कीच.

आता सुट्टी देण्याआधी मी विचारते, बाज किती वीत उंच आहे? संडास कुठे, बसायचा की कमोडचा? जेवायला खाली बसता का? मग तेवढ्याच उंचीवरून उठायचा सराव करून घेते. पेशंटच्या कमरेला दुपट्टा घट्ट बांधून त्याला धरून उठवायचं, हात ओढायचा नाही, हे घरच्या माणसाने माझ्यासमोर तीनदा करून दाखवल्याशिवाय कागदावर सही होत नाही. आणि पेशंटला एकट्याला विचारते, झोप लागते का, रडू येतं का. लकव्यानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं, घरचे त्याला आळस म्हणतात.

त्या कास्तकारांचा खांदा चार महिन्यांनी दुखायचा थांबला. हात अजून डोक्यापर्यंत जात नाही. टोपी ते डाव्या हाताने घालतात.