आईच्या सकाळच्या खाण्यात प्रथिनं वाढवायची सोपी युक्ती

साठीच्या पुढच्या बायकांची सकाळ बहुतेक घरांत चहा-खारी किंवा चहा-पोळीवर भागते. प्रथिनं जवळजवळ नाहीतच. मग जिना चढताना मांड्या भरून येतात, आणि दात कमजोर असले की उसळही नको वाटते.

१. पंढरपुरी डाळं मिक्सरमधून अगदी बारीक करून डब्यात भरून ठेवा. ते भाजलेलंच असतं, शिजवावं लागत नाही.
२. सकाळी तीन मोठे चमचे पीठ (साधारण ३० ग्रॅम) वाटीभर दह्यात कालवा. मीठ, जिरेपूड, कोथिंबीर. यातून दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. गोड हवं असेल तर कोमट दुधात गूळ घालून. अंडं चालत असेल तर एक उकडलेलं सोबत द्या, आणखी सहा ग्रॅम.
३. नुसतं खाऊन ताकद येत नाही, स्नायूंना कामही हवं. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, शक्यतो हातांचा आधार न घेता, सावकाश आठ-दहा वेळा उठ-बस करायला सांगा. सुरुवातीला शेजारी उभे राहा.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.