थव्यांचा अभ्यास करताना या चुका टाळा

शाळूची कणसे भरू लागली की शिरोळ-हातकणंगल्याकडच्या रानांत भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, उतरतात आणि त्याच सुमारास विज्ञान प्रदर्शनासाठी थव्यांचा विषय घेतलेली मुले माझ्याकडे येऊ लागतात. कुणाला संगणकाच्या पडद्यावर थवा उडवून दाखवायचा असतो, तर कुणाला कळंबा तलावाच्या किंवा रंकाळ्याच्या काठावर उभे राहून निरीक्षणे लिहायची असतात. कोल्हापुरात गेली अनेक वर्षे हे मार्गदर्शन करताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. मुले बदलतात, वह्या बदलतात, पण चुका त्याच राहतात, आणि त्यांतल्या बहुतेक चुका घाईपोटी होतात. म्हणून त्या एकदा सविस्तर लिहीत आहे.

म्होरक्या शोधत बसणे

ही सर्वांत चिवट चूक. आपल्याकडे मेंढरांच्या कळपाला म्होरक्या असतो, दिंडीला विणेकरी असतो, तालमीला वस्ताद असतो. त्यामुळे हजार पक्षी एकदम वळताना दिसले की पुढचा पक्षी हुकूम देत असणार, असे आपण गृहीत धरतो. एका वर्षी एक विद्यार्थी हाच सिद्धांत घेऊन आला. "सर, पुढचा वळला की सगळे वळत्यात," असे तो ठामपणे म्हणाला. मी त्याला अडवले नाही. आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका शाळूच्या रानाच्या कडेला सलग चार संध्याकाळी तिवई लावून बसलो आणि बाभळींवर मुक्कामाला येणाऱ्या भोरड्यांचे चित्रण केले. घरी येऊन त्याने एकेक चौकट थांबवून, एका लहान तुकडीतल्या सर्वांत पुढच्या पक्ष्यावर तांबडा ठिपका दिला आणि तो ठिपका पुढे सरकवत नेला.

थवा डावीकडे काटकोनात वळला, तेव्हा तो तांबडा ठिपका थव्याच्या उजव्या कडेला होता. आणखी एक तसेच वळण झाल्यावर तो शेपटाला जाऊन पोहोचला. मुलाला वाटले, आपल्याकडून ठिपका चुकला. त्याने तीन वेळा पुन्हा मोजणी केली. चूक नव्हती. संचलनात तुकडी वळते तेव्हा आतला जवान जागच्या जागी पावले टाकतो आणि कडेच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात, म्हणून रांगेतला प्रत्येकाचा क्रम टिकतो. पक्ष्यांच्या थव्यात तसे घडत नाही. प्रत्येक पक्षी जवळपास सारख्याच वेगाने आणि सारख्याच त्रिज्येच्या कमानीवरून वळतो. उत्तरेकडे उडणाऱ्या थव्यात जो पक्षी सर्वांत उत्तरेला आहे, तो वळणानंतरही उत्तरेलाच राहतो. थवा मात्र आता पश्चिमेकडे निघालेला असतो, म्हणून तो पुढचा पक्षी आपोआप उजव्या बाजूचा होतो आणि डाव्या कडेचा पक्षी पुढे येतो. ज्याची जागा प्रत्येक वळणाला बदलते, त्याला म्होरक्या म्हणणे कठीण आहे.

मग वळण सुरू कोण करतो? रोममधील संशोधकांनी साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे त्रिमितीय चित्रण करून २०१४ साली दाखवले की वळणाची सुरुवात एकमेकांजवळच्या मोजक्या पक्ष्यांपासून होते आणि ती बातमी सेकंदाला साधारण २० ते ४० मीटर वेगाने, फारशी न विरता, थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण पेठांमधले कबूतर पाळणारे जाणकार माझ्याशी या मुद्द्यावर वाद घालतात आणि त्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी दहापर्यंत कबुतरांच्या तुकड्यांवर जीपीएस बसवून २०१० साली जे मांडले, त्यानुसार काही कबुतरांची दिशा इतर कबुतरे क्षणार्धात उचलतात आणि त्यांच्यात मान देण्याघेण्याची एक उतरंड असते. परंतु एकमेकांना ओळखणारी दहा कबुतरे आणि रानावर घोंगावणाऱ्या हजारो भोरड्या यांना एकच नियम लावता येत नाही. माझी स्वतःची सवय अशी की, कोणताही निष्कर्ष लिहिण्यापूर्वी वहीत दोन गोष्टी टिपायच्या: पक्षी कोणता आणि संख्या अंदाजे किती. ज्या वहीत या दोन नोंदी नाहीत, ती मी पुढे वाचत नाही.

अंशांची सरासरी काढणे

पडद्यावर थवा उडवणाऱ्यांची ही हमखास चूक आहे आणि तिने माझे नऊ दिवस घेतले आहेत.

क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञाने १९८६ साली संगणकावर थवा उडवून दाखवला आणि पुढच्या वर्षी तो शोधनिबंधरूपाने मांडला. त्याचे नियम तीनच आहेत: शेजाऱ्याला धडकू नये, शेजाऱ्यांच्या दिशेशी आपली दिशा जुळवावी आणि शेजाऱ्यांच्या मध्याकडे सरकत राहावे. नियम सोपे असल्यामुळे मुले तयार आज्ञावली उतरवून घेतात, दोनशे ठिपके पडद्यावर सोडतात आणि तासाभरात काम झाले असे समजतात.

एका मुलीचा थवा पडद्यावर वर, खाली आणि डावीकडे सुरेख उडत असे; परंतु तो उजवीकडे वळू लागला की फुटायचा. निम्मे ठिपके गर्रकन उलटे फिरायचे आणि पुन्हा एकत्र यायला त्यांना बराच वेळ लागायचा. प्रदर्शन दहा दिवसांवर होते. आम्ही एकत्र राहण्याचा नियम जड केला, मग हलका केला; वेग कमी केला; ठिपक्यांची संख्या दोनशेवरून पाचशेवर नेली. प्रत्येक बदलानंतर थोडा वेळ बरे वाटायचे आणि उजवीकडे वळण आले की पुन्हा तेच. शेवटी तर तिने वहीत "शिकारी पक्ष्याच्या भीतीने थवा फुटतो" असे स्पष्टीकरणही लिहून टाकले, जेव्हा पडद्यावर शिकारी पक्षी नव्हताच.

नवव्या दिवशी रात्री मी सगळे बंद करायला सांगितले आणि कागदावर फक्त दोन पक्षी काढले. उजवी दिशा म्हणजे शून्य अंश धरली. एक पक्षी १० अंशांवर उडत होता, दुसरा ३५० अंशांवर. म्हणजे दोघेही जवळजवळ सरळ उजवीकडेच चालले होते. या दोन आकड्यांची सरासरी काढली, तर उत्तर येते १८०, म्हणजे बरोबर उलटी दिशा. आज्ञावली तेच करत होती. इतर दिशांना आकडे एकमेकांजवळ असल्यामुळे चूक झाकली जात होती. उजवीकडे आले की ३६० आणि शून्य यांच्या सांध्यावर थवा उसवत होता.

यावरचा उपाय असा: अंशांची बेरीज कधीही करू नये. प्रत्येक पक्ष्याच्या दिशेचे आडवा आणि उभा असे दोन घटक करावेत, त्यांची स्वतंत्र बेरीज करावी आणि त्या बेरजेवरून दिशा काढावी. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दोन पक्षी उडवायला लावतो, मग तीन, आणि तिघांची प्रत्येक हालचाल कागदावरच्या गणिताशी जुळली की मगच दोनशे. मुलांना हा खोळंबा वाटतो. परंतु दोनशे ठिपक्यांच्या गर्दीत चूक दिसत नाही, ती नुसती थव्यासारखी दिसते, आणि पाहणाऱ्याला फसवण्याची ताकद तिच्यात त्यामुळेच येते.

याच कामातल्या आणखी दोन चुका. एका पक्ष्याची नवी जागा लिहून मग तीच जागा पुढच्या पक्ष्याच्या हिशेबात वापरू नये. सर्वांचे गणित जुन्या जागांवरून करावे आणि सर्वांना एकदम हलवावे. आणि पडद्याच्या उजव्या कडेतून गेलेला पक्षी डाव्या कडेतून आत येत असेल, तर शेजारी शोधतानाही त्या दोन कडा जोडलेल्या धराव्यात.

अंतर मोजणे आणि शेजारी न मोजणे

"पाच मीटरच्या आतले सगळे पक्षी म्हणजे शेजारी" अशी व्याख्या बहुतेक जण करतात. ती सोपी आहे, पण स्टार्लिंगच्या बाबतीत प्रत्यक्षाशी जुळत नाही. रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या एका संग्रहालयाच्या गच्चीवरून हजारो स्टार्लिंगच्या जागा मोजणाऱ्या गटाने २००८ साली असे दाखवले की, प्रत्येक पक्षी सरासरी सर्वांत जवळच्या सहा-सात पक्ष्यांशी आपली हालचाल जुळवतो, मग ते सहा-सात एका हातावर असोत की बऱ्याच लांब. बहिरी ससाण्याने झडप घातली आणि थवा विस्कटला, तर अंतरावर आधारलेल्या थव्यात कडेचे पक्षी शेजाऱ्यांविना उरतील आणि कायमचे तुटतील. शेजाऱ्यांची संख्या धरून चालणारा थवा ताणला जातो, विरळ होतो, आणि पुन्हा मिटतो. कळंब्याच्या काठावर हे मी पाकोळ्यांच्या झुंडींकडे पाहून मुलांना समजावत नाही, कारण पाकोळ्या किडे पकडत विखुरलेल्या असतात. त्यासाठी मुक्कामाला परतणाऱ्या भोरड्याच पाहाव्यात.

त्याला चमत्कार म्हणणे

एडमंड सेलूस या इंग्रज पक्षीनिरीक्षकाने १९३१ साली थव्याच्या एकदिल हालचालीमागे विचारसंक्रमण असावे असे सुचवले होते. त्याच्याजवळ वेगवान कॅमेरा नव्हता, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. परंतु १९८४ साली वेन पॉट्स या संशोधकांनी डनलिन या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या थव्याचे चित्रण तपासल्यावर कोडे बरेच सुटले. अचानक झालेल्या प्रकाशाला दचकायला या पक्ष्याला सरासरी ३८ मिलिसेकंद लागत होते, तर वळणाची लाट एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे सुमारे १५ मिलिसेकंदांत जात होती. याचे कारण, पक्षी केवळ लगतच्या शेजाऱ्याची वाट पाहत नाही. लांबून येणारी लाट त्याला आधीच दिसते आणि ती आपल्यापर्यंत पोहोचण्याच्या बेताला तो वळतो. पंचगंगेच्या घाटावर बसून दिव्यांच्या माळा एकामागून एक लागताना पाहणाऱ्याला आपल्या जवळचा दिवा केव्हा लागेल याचा अंदाज येतो, तसेच हे आहे.

बाण आणि ढग एकच समजणे

ऊस तुटलेल्या रानांवरून संध्याकाळी रंकाळ्याकडे परतणारे बगळे बाणाच्या आकारात किंवा तिरक्या ओळीत येतात, आणि त्यांना भोरड्यांच्या ढगाचे स्पष्टीकरण चिकटवले जाते. ओळीने उडणारा मोठा पक्षी पुढच्याच्या पंखांच्या टोकांमागून वर उठणाऱ्या हवेचा आधार घेतो. २०१४ साली शराटीच्या कुळातल्या नॉर्दर्न बॉल्ड आयबिस पक्ष्यांवर यंत्रे बसवून ते पंखांची फडफडसुद्धा त्या हवेच्या ठेक्याशी जुळवतात, हे दाखवले गेले. दाटीने उडणाऱ्या कबुतरांच्या थव्यात उलट घडते. गर्दीत उडताना त्यांना जास्त वेगाने पंख मारावे लागतात, असे २०११ साली मोजले गेले आहे. म्हणून "थव्यात उडाल्याने श्रम वाचतात" हे वाक्य पक्ष्याचे नाव न सांगता लिहू नये.

खालून दिसते तेच खरे मानणे

रोमच्या मोजमापांत थवे चेंडूसारखे गोल न निघता, जमिनीला समांतर पसरलेल्या पातळ चादरीसारखे निघाले, आणि त्यांच्या कडांना मध्यापेक्षा अधिक दाटी आढळली. चादर आपल्याकडे कडेने वळली की काळीकुट्ट दिसते, सपाट वळली की विरळ. ससाणा आल्यावर थव्यातून धावणारा काळा पट्टाही दाटीचाच असतो असे नाही. पक्षी एकामागोमाग एक क्षणभर कलतात आणि त्यांच्या पंखांचा अधिक भाग आपल्याला दिसतो, यानेही तसा पट्टा उमटतो. एका जागेवरून काढलेल्या एकाच छायाचित्रावरून घनता लिहू नये.

शेवटची गोष्ट मी अत्यंत कळकळीने सांगतो. थवा वळावा म्हणून बाभळीवर दगड मारणे, फटाका लावणे किंवा ड्रोन घुसवणे हा अभ्यास नव्हे. तसे केलेले चित्रण मी पाहत नाही. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी जागेवर पोहोचावे, तिवई एकदाच पक्की करावी, आणि शेवटची भोरडी बाभळीत शिरून कलकलाट बसेपर्यंत कॅमेरा चालू ठेवावा. उतरण्याआधीच्या त्या काही मिनिटांतच थवा सर्वांत जास्त वेळा वळतो आणि नेमक्या त्याच वेळी घाईची मुले सामान आवरत असतात.