खाडीचे आवाज ऐकायचेत? मग आधी कालनिर्णय काढा

थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फ्लेमिंगोचे फोटो यायला लागतात आणि मग प्रश्न सुरू, कुठे दिसतात, किती वाजता जायचं, पार्किंग आहे का. कुठे ऐकू येतात हे मात्र आजवर कोणी विचारलं नाही. मी नवी मुंबईत नेरुळला, ठाणे खाडीच्या काठी राहते, मोठी लेन्स वगैरे काही नाही माझ्याकडे, लांबचा चष्मा आहे आणि तोही बरेचदा घरी विसरते, त्यामुळे खाडीवर जाऊन ऐकायचीच सवय लागली. ती कशी लावायची ते सांगते.

पहिलं म्हणजे घड्याळ बघून जाऊ नका, तिथी बघून जा. करावे गावातल्या एका काकांनी मला हा हिशोब शिकवला, कोकणात बऱ्याच जणांना तो माहीत असतो. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या आसपास, आणि भरती-ओहोटीत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं, म्हणून त्या दिवशी पहाटे साडेपाच-सहाला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं तेवढं धरून चला. आणि भरती रोज पाऊण तासाहून जरा जास्तच पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारी सातला भारी होतं म्हणून या रविवारी पण सातलाच गेलात तर वेगळीच खाडी भेटेल.

मला सगळ्यात आवडते ती पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या मागेपुढे एक-दोन दिवसांतली पहाट. उधाणाचे दिवस, त्यामुळे सुकतीला पाणी लांबपर्यंत मागे जातं आणि सगळा गाळ उघडा पडतो. वाशीचा सागर विहार किंवा सीवूड्सला टी. एस. चाणक्य या जहाजी शिक्षणाच्या संस्थेच्या मागची बाजू, उजाडायच्या आत पोचायचं. पहाटेच का तर पाम बीच रोडवर गाड्या कमी असतात हे एक, आणि दुसरं म्हणजे पाण्यालगतची हवा गार असते नि वरची जरा उबदार, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि लांबचं पण जवळ ऐकू येतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की कानात नुसतं भुर्रर्र.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच ऐकू येणार नाही, फक्त रस्ता आणि स्वतःचं जॅकेट. इथेच बरेच जण कंटाळून मोबाईल काढतात. काढू नका, बसून राहा. मग कान हळूहळू उघडतात आणि पहिल्यांदा लक्षात येते ती गाळातली तडतड, लांब कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फोडणीत मोहरी तडतडतेय तशी. मला कित्येक महिने वाटायचं की गाळ सुकताना फुटतोय, पण त्यात एक इवलीशी कोळंबी असते, तिची एक नांगी मोठी असते आणि ती इतक्या वेगात मिटते की पाण्यात बुडबुडा होतो, आणि तो फुटतो त्याचा हा आवाज! हे कळल्यावर मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, लोक टाळायला लागले होते शेवटी.

त्याच्यावर पक्ष्यांचा थर. टिटवी तर ओळखायलाच नको, तुम्ही आल्याची बातमी तीच सगळ्यांना देते. शेकाट्याचं बारीक किक-किक-किक, तिवरांतून खंड्याचं खिदळणं, कुठेतरी आत भारद्वाजाचं खोल हूप-हूप. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, चरताना ओरडत नाही तर पुटपुटतो. हजारभर पक्षी चोच उलटी करून एकदम पुटपुटतात तेव्हा लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहिल्यासारखं वाटतं, शब्द एकही कळत नाही पण आत गर्दी आहे हे कळतं. उडताना मात्र बदकासारखं मोठ्याने हाँक-हाँक. सुकतीला ते लांब असतात, मग सात-आठनंतर पाणी चढायला लागलं की गाळाबरोबर काठाकडे सरकतात आणि आवाज मोठा होत जातो, म्हणून सुकतीला पोचायचं आणि दोन-तीन तास हलायचं नाही. शेवटी पाणी खेकड्यांच्या बिळांत शिरतं तेव्हा पायाशीच गुडगुड सुरू होते.

दोन्ही तळवे वाटीसारखे करून कानांमागे धरा, वेड्यासारखं दिसतं पण फरक लगेच कळतो. रेकॉर्ड करायचं असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, पातळ मोज्यात घाला (धुतलेल्या) आणि हातात न धरता कठड्यावर ठेवून द्या, वाऱ्याची फरफर बरीच कमी होते. मर्लिन नावाचं फुकट ॲप आवाजावरून पक्षी सुचवतं, कामाचं आहे पण डोळे झाकून विश्वास नको.

भरती असेल त्या वेळी खाडीपेक्षा तळी बरी, कारण गाळ बुडाला की रोहित विश्रांतीला तिकडे येतात. नेरुळचा डीपीएस शाळेजवळचा तलाव त्यातलाच. पण तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट मोकळी हवी, 2024 मध्ये तो तलाव सुकला होता तेव्हा तिथे फक्त गाड्याच ऐकू यायच्या.

ठाण्याकडून येणाऱ्यांनी ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीला उतरून रिक्षाने जैवविविधता केंद्रात जायचं. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. तिथल्या बोटफेरीच्या वेळा भरतीवर असतात, आधी बुकिंग करा, आणि मध्यावर गेल्यावर दादांना दोन मिनिटं इंजिन बंद करायची विनंती करा. बोटीतले बाकीचे तेवढ्यात सेल्फी-सेल्फी करतात ते वेगळं.

गाळात उतरायचं नाही, वरून घट्ट दिसतो पण मांडीपर्यंत आत घेतो. ओडोमॉस लावून जा. आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचा प्रकार तर अजिबात नको, ते बिचारे खायचं सोडून शोधत बसतात.

पहाटे उठणं जमतच नसेल तर हिवाळ्यात रात्री अकरानंतर गॅलरीत फॅन-टीव्ही बंद करून उभे राहा, पाम बीचच्या बाजूला घर असेल तर रोहितांचा थवा हाँक-हाँक करत डोक्यावरून जाताना ऐकू येतो, दिसत काहीच नाही. आणि कधीतरी तिवरांतून कोल्हेकुई. आमच्या वॉचमनला अजूनही ती कुत्रीच वाटतात.